फिल्टर दर रविवारी स्वच्छ धुऊनही मासे का मरत आहेत? (नवख्यांची टाकी : फिल्टर आणि पाण्याची निगा)

शुभ्रकमळ | ८ जुलै, रात्री ९.१५

नमस्कार. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी घरी आणली. त्यात दोन गोल्डफिश, चार मॉली, चार गप्पी आणि काच साफ ठेवतो म्हणून दुकानदाराने दिलेला एक सकर, असे अकरा मासे सोडले. आज पाच आठवडे झाले आणि त्यांतील सहा मासे गेले. आजच सकाळी दोन मॉली तळाशी पडलेल्या दिसल्या. तिसरीत शिकणारी माझी मुलगी माशांची एक वही ठेवते आणि आता त्या वहीत लिहिण्यासारखे काही उरेल की नाही, अशी मला भीती वाटू लागली आहे.

स्वच्छतेत मी कुठेही कमी पडत नाही. दर रविवारी मासे बादलीत काढून सगळे पाणी ओतून देते, खडी तीन वेळा धुते आणि आतल्या पॉवर फिल्टरचा काळा स्पंज नळाखाली, त्यातून अगदी स्वच्छ पाणी येईपर्यंत, ब्रशने घासते. तरीही बुधवारपर्यंत पाणी दुधासारखे पांढुरके होते आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दुकानात विचारले की प्रत्येक वेळी निळ्या औषधाची बाटली मिळते. आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. सोसायटीत सकाळी महापालिकेचे पाणी येते, दुपारनंतर बोअरचे, आणि कमी पडले तर टँकर मागवतात. आणखी किती स्वच्छता ठेवायला हवी, हे कोणी सांगू शकेल का?

काचेपलीकडे | ८ जुलै, रात्री १०.४०

ताई, स्वच्छता कमी पडत नाही. ती चुकीच्या जागी होते आहे. आपल्यासारख्याच निष्ठेने धुऊन धुऊन मासे गमावलेली अनेक घरे मी गेल्या वीस वर्षांत पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फिल्टर म्हणजे चहाची गाळणी, अशी आपली सर्वांची सुरुवातीची समजूत असते. गाळणीत कचरा अडकतो, गाळणी धुतली की काम झाले. फिल्टर कचरा अडवतो हे खरे, पण ते त्याचे दुय्यम काम आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच न खाल्लेले अन्न कुजल्यामुळे पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे काचेसारख्या नितळ पाण्यातही मासा विषबाधेने मरू शकतो. स्पंजच्या छिद्राछिद्रांत जिवाणूंची एक वस्ती तयार होते. त्यांतील काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांना घातक आहेत, तिसरा बराच सौम्य आहे आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहतो. ही वस्ती उभी राहायला नव्या टाकीत साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. आपण ती दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याखाली ब्रशने घासून काढता आणि सोमवारपासून मासे पुन्हा पहिल्या दिवसाच्या टाकीत राहायला जातात. मिथिलीन ब्लू, म्हणजेच ते निळे औषध, बुरशीवर उपयोगी आहे, पण या जिवाणूंनाही ते मारक ठरते. ते वेगळ्या भांड्यात आजारी माशासाठी वापरावे, मुख्य टाकीत कधीही घालू नये.

आता तीन गोष्टी तातडीने करा. फिल्टरला आणि खडीला हात लावू नका. दोन दिवस अन्न अजिबात देऊ नका. मासे उपाशी मरत नाहीत. आणि थेंबांचे टेस्ट किट आणून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे तो आकडा) मोजून इथे लिहा. पट्ट्यांचे किट स्वस्त पडते, पण अनेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो आणि आपल्याला सर्वांत आधी नेमका तोच हवा आहे.

गोदाकाठ | ९ जुलै, सकाळी ७.२०

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या निफाडच्या मळ्यात सिमेंटचा हौद आहे. आरोग्य विभागाच्या माणसांनी त्यात गप्पी सोडल्याला बारा वर्षे झाली. गावातल्या भिंतीवर ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ असे रंगवले होते, ते दिवस मला आठवतात. त्या हौदाला ना फिल्टर, ना मोटर, ना टेस्ट किट, आणि तरीही आज त्यात शेकडो गप्पी आहेत. शहरातील लोकांनी या साध्या गोष्टीचे उगाच प्रयोगशाळेत रूपांतर केले आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

काचेपलीकडे | ९ जुलै, सकाळी ९.०५

दादा, आपला हौद हेच माझ्या म्हणण्याचे उत्तम उदाहरण आहे. तो साधारण केवढा आहे? समजा सहा फूट गुणिले चार फूट गुणिले तीन फूट धरला, तर ७२ घनफूट झाले. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे दोन हजार लिटरांहून अधिक पाणी. ताईंची टाकी अडीच घनफुटांची, म्हणजे काठोकाठ ७० लिटरांची. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर जेमतेम ५८ लिटर. आपल्या हौदाच्या भिंतींवर बोटभर शेवाळ असेल. ते शेवाळ अमोनिया आणि नायट्रेट थेट शोषून घेते, आणि तेच जिवाणू त्या खरखरीत भिंतींवर वाढलेले असतात. शिवाय त्या माशांना कोणी दिवसातून तीनदा दाणे टाकत नाही. ते डासांच्या अळ्यांवर जगतात. आपल्याकडे फिल्टर नाही असे नाही, अख्खा हौदच फिल्टर आहे. बारा वर्षांत तो कधी ब्लीचिंग पावडर टाकून घासला आहे का?

गोदाकाठ | ९ जुलै, दुपारी १.१०

एकदा घासला होता. वडील होते तेव्हा, लग्नघरचे पाणी भरायचे म्हणून. त्यानंतर नवे गप्पी आणून सोडले आणि ते आठवडाभरात मेले होते. पाणी ‘नवे’ आहे, बसू द्या, असे वडील म्हणाले होते. आज त्या शब्दांचा अर्थ लागला. मोजणीबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेतो.

शुभ्रकमळ | १० जुलै, रात्री ८.३०

किट आणले. परीक्षानळीत टाकीचे पाणी घेऊन थेंब टाकले आणि पाच मिनिटे थांबलो. पाणी पिवळे राहायला हवे होते, ते हळूहळू गडद हिरवे होत गेले. मुलीने तक्ता नळीच्या मागे धरला. अमोनिया २ आणि ४ पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) यांच्या मधला दिसतो, म्हणून आम्ही वहीत ३ लिहिला. नायट्राइट शून्य, नायट्रेट जवळपास नाहीच, पीएच ८.२. कुतूहल म्हणून नळाचे पाणीही तपासले: महापालिकेच्या पाण्याचा पीएच ७.४ आला आणि बोअरच्या पाण्याचा ८.२. मी रविवारी दुपारी टाकी भरते, म्हणजे ती नेहमी बोअरच्या पाण्यानेच भरली गेली आहे. टाकीचे तापमान २६ अंश आहे.

रसायनवर्ग | १० जुलै, रात्री ९.५५

मी सांगलीत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि आता निवृत्तीनंतर चार टाक्या सांभाळतो. आपण दोन्ही स्रोतांचे पीएच वेगवेगळे मोजलेत, याचे मला फार कौतुक वाटले, कारण आपल्या टाकीतील मृत्यूंचे कारण नेमके त्या दोन आकड्यांत आहे.

किट जो आकडा दाखवते, तो एकूण अमोनियाचा असतो. पाण्यात तो दोन रूपांत राहतो: एक अमोनियम आयन, जो तुलनेने निरुपद्रवी आहे, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो. कोणते रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. आपल्या २६ अंशांच्या पाण्यात पीएच ७.४ असेल तर शंभर भागांत साधारण दीड भाग मुक्त अमोनिया असतो, पीएच ८.२ असेल तर तोच जवळपास नऊ भाग होतो. आपल्या टाकीत एकूण ३ पीपीएम आहे, म्हणजे मुक्त अमोनिया लिटरमागे सुमारे पाव मिलिग्रॅम झाला. लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे तो गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते, असे मत्स्यशेतीत मानतात. आपले मासे त्याच्या पाचपट विषात आहेत. वर येऊन तोंड उघडझाप करणे हे हवा कमी असल्याचे लक्षण असतेच असे नाही. कल्ले भाजल्यासारखे झाले की भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

म्हणून यापुढे बदलाचे पाणी बोअरचे न घेता महापालिकेचे घ्यावे. मात्र एका दमात सगळे बदलू नये. पीएच एकदम पाऊण अंकाने खाली आणणे हाही माशांना धक्काच आहे. रोज चौथाई टाकी, म्हणजे पंधरा लिटरांची एक बादली, असे चार दिवस करावे. पाणी सकाळी भरून ठेवावे आणि त्यात रात्रभर एअर स्टोन (एअर पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवावा. साधे क्लोरीन उडून जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन नळाच्या पाण्यात शिल्लक राहायला हवे. आपल्याला ते वरदान आहे, माशाला आणि जिवाणूला नाही. थांबायला वेळ नसेल तर दुकानातील अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवरील प्रमाणात घालावेत. त्यातील सोडियम थायोसल्फेट क्लोरीनला क्षणात निष्प्रभ करते. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ झाले की क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, त्यामुळे या महिन्यांत थेंबही घाला आणि पाणीही थांबवा, असे मी सुचवीन.

दूरदेशी | ११ जुलै, सकाळी ६.४५

मी वॉशिंग्टन डीसीजवळ राहतो. आपल्याकडून नवीन आलेल्या मराठी कुटुंबांची इथे हमखास एक चूक होते, म्हणून लिहितो. पाणी रात्रभर उघडे ठेवण्याची रीत इथे चालत नाही. इथल्या नळाला वर्षातील बहुतेक काळ क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असते. ते हवेत उडून जात नाही आणि दिवसभर ठेवले तरी पाण्यातच राहते. वसंतात काही आठवडे साधे क्लोरीन वापरतात, त्यामुळे त्या काळात सगळे सुरळीत चालते आणि पुढे एकाएकी मासे दगावतात. क्लोरामाइन मोडले की त्यातून अमोनिया सुटतो, म्हणून क्लोरीन आणि अमोनिया या दोन्हींचा बंदोबस्त करणारे कंडिशनरच घ्यावे लागते. ते घातल्यावरही किटवर थोडा अमोनिया दिसतो, कारण थेंबांचे बहुतेक किट बांधला गेलेला अमोनियाही मोजते. तेवढ्याने घाबरून जाऊ नये. परदेशात असाल तर आपल्या पाणीपुरवठा संस्थेचा वार्षिक अहवाल आधी वाचा.

काचेपलीकडे | ११ जुलै, रात्री ९.३०

सरांनी पाण्याचे सांगितले, मी पुन्हा फिल्टरकडे येतो. शुभ्रकमळताई, मी कोथरूडला असतो. माझ्या जुन्या टाकीत एअर पंपाच्या हवेवर चालणारे दोन स्पंज फिल्टर गेली तीन वर्षे चालू आहेत. त्यांतील एक मी आपल्याला देतो. पिकलेला स्पंज नव्या टाकीत ठेवणे म्हणजे दह्याला विरजण लावण्यासारखे आहे. महिन्याचे काम दोन-तीन आठवड्यांवर येते. बाटलीबंद जिवाणूंचा अनुभव मला बेभरवशाचा आला. चांगल्या टाकीतला स्पंज मिळत असेल, तर त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त ज्या टाकीत गेल्या दोन-तीन महिन्यांत आजार किंवा नवा मासा आलेला नाही, अशाच टाकीतला स्पंज घ्यावा, नाहीतर विरजणाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही घरी येतो. रविवारी सकाळी झाकणाचा डबा घेऊन या. स्पंज टाकीच्या पाण्यात अर्धा बुडालेला, वर हवा ठेवून न्यायचा आणि तासाभरात चालू करायचा.

आपला पॉवर फिल्टर काढायचा नाही. दोन्ही चालू ठेवायचे. दोन फिल्टर असण्याचा खरा फायदा असा की एका वेळी एकच धुता येतो आणि अर्धी वस्ती शाबूत राहते.

शुभ्रकमळ | १३ जुलै, सायंकाळी ६.००

काका, आपले आणि काकूंचे मनापासून आभार. स्पंज लावला. तो तपकिरी आणि बुळबुळीत होता. मी तो आजवर घाणच समजून नळाखाली धरला असता, या विचाराने हात थबकला. अमोनिया आज १ पीपीएम आहे. तीन वेळा चौथाई पाणी बदलले आणि अन्न अजून बंदच आहे. आपल्या इथे पाहिलेली धुण्याची पद्धत इतरांसाठीही लिहाल का?

काचेपलीकडे | १३ जुलै, रात्री ८.२०

लिहितो, कारण सगळी हातोटी यातच आहे. प्रथम मोटर आणि एअर पंप या दोहोंचे बटण बंद करून पिन काढायची, मगच पाण्यात हात घालायचा. वायर बोर्डाकडे जाण्यापूर्वी एकदा खाली झुकून मग वर जावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी बोर्डात न शिरता खाली टपकते. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटे पंपात येते.

मग सायफन नळीने टाकीतील पंधरा लिटर पाणी बादलीत काढायचे. नळीचे रुंद तोंड खडीत खुपसायचे, दोन बोटांनी प्रवाह दाबत पुढे सरकायचे. खडी वर उसळून परत खाली बसते आणि मधला गाळ नळीतून निघून जातो. एका आठवड्यात तळाचा एक तृतीयांश भागच घ्यायचा. आता त्याच बादलीतल्या पाण्यात स्पंज बुडवून मुठीत तीन-चार वेळा दाबायचा. पाणी चहासारखे तपकिरी होते. स्पंज मूळ रंगावर आणण्याचा मोह टाळायचा; त्यातून पाणी मोकळे वाहू लागले की थांबायचे. सिरॅमिक रिंगा (जिवाणूंना राहायला ठेवलेली सच्छिद्र कडी) असतील तर त्या याच पाण्यात नुसत्या खळखळून घ्यायच्या. प्रवाह मंदावेपर्यंत स्पंजला हात लावण्याचे कारणच नाही. माझ्याकडे तो तीन-चार आठवड्यांनी मंदावतो. उरलेले पाणी कुंड्यांना घालावे, झाडांना ते मानवते.

मोटरचा आवाज घरघर येऊ लागला, तर आतले पंख्याचे चुंबक ओढून बाहेर काढा. त्याच्या दांडीवर केस, शेवाळाचा धागा किंवा बुळबुळीत थर बसलेला असतो. जुन्या टूथब्रशने तो काढला की मोटर पुन्हा निःशब्द चालते. मोटर जळाली म्हणून नवी घेणाऱ्या बऱ्याच लोकांची मोटर एवढ्यानेच सुरू झालेली मी पाहिली आहे.

फिल्टरमधील काळ्या कार्बनची आपल्याला रोज गरज नाही. तो रंग, वास आणि औषध शोषतो, काही आठवड्यांत भरून जातो, आणि अमोनियावर त्याचा उपयोग नाही. तुमच्या टाकीतील निळा रंग गेला की तो काढून त्या जागी सिरॅमिक रिंगा भरा.

शुभ्रकमळ | २० जुलै, रात्री ८.४५

या आठवड्यात अमोनिया ०.५ वर आला, पण नायट्राइटची नळी निळीची जांभळी झाली आणि आकडा १ पीपीएम आहे. मासे सगळे जिवंत आहेत, परंतु एक गोल्डफिश सुस्त आहे. हे सुधारणेचे लक्षण समजावे की बिघाडाचे?

रसायनवर्ग | २० जुलै, रात्री १०.१०

सुधारणेचे, पण सावधगिरीच्या सुधारणेचे. पहिल्या गटाचे जिवाणू कामाला लागले, दुसऱ्या गटाचे अजून मागे आहेत. हे जिवाणू अत्यंत सावकाश वाढतात. पाणी पांढुरके करणारे साधे जिवाणू अनुकूल स्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. यांना एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यांना वेगळे काढायला शास्त्रज्ञांनाही पुष्कळ कष्ट पडले. सेर्गेई विनोग्राडस्की यांना ते १८९० च्या सुमारास झुरिचमध्ये साधले. आणि अगदी २०१५ मध्ये असे दिसून आले की नायट्रोस्पायरा या गटातील काही जिवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा संपूर्ण प्रवास एकट्यानेच करतात. ज्या तपकिरी थराला आपण घाण म्हणतो, त्याचा अभ्यास अजून चालू आहे.

नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही, म्हणून मासा सुस्त होतो. यावर घरातले मीठ कामी येते. नायट्राइट आणि मिठातील क्लोराइड हे दोन्ही कल्ल्यांच्या एकाच वाटेने आत शिरतात. क्लोराइड भरपूर असले की नायट्राइटला वाट मिळत नाही. आपल्या ५८ लिटरांना ३० ग्रॅम खडे मीठ मगभर पाण्यात विरघळवून, दोन वेळा मिळून घालावे. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुढे फक्त बदललेल्या पाण्यापुरतेच पुन्हा घालायचे. अमोनिया आणि नायट्राइट यांची बेरीज अर्ध्या पीपीएमवर गेली की त्या दिवशी पाणी बदलायचे, हा नियम वहीत लिहून ठेवा.

वऱ्हाडी_पाऊस | २१ जुलै, दुपारी ३.३०

अकोल्याहून लिहितो आहे. माझा प्रश्न विजेचा आणि उन्हाळ्याचा आहे. मे महिन्यात वादळाने तारा तुटल्या आणि सात तास वीज नव्हती. वीज आल्यावर माझा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर आपोआप सुरू झाला आणि पाण्याला सडक्या अंड्यांचा वास आला. सकाळपर्यंत नऊ मासे गेले. टाकीचे तापमान त्या दिवशी ३३ अंश होते. शिवाय दुसऱ्या टाकीत मी केवळ आरओचे पाणी वापरतो, कारण आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) फार आहे. तिथे पीएच सहाच्या खाली गेला आहे. या दोन्ही बाबतींत काय चुकले?

काचेपलीकडे | २१ जुलै, रात्री ९.००

फिल्टरमधील जिवाणूंना प्राणवायू लागतो. बंद डब्यात पाणी थांबले की काही तासांत प्राणवायू संपतो, ते मरू लागतात, आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू तिथे कुजण्याची क्रिया सुरू करतात. मग मोटर चालू झाली की ते सगळे द्रव्य एकदम टाकीत येते. म्हणून वीज दोन-तीन तासांपेक्षा जास्त गेली, तर कॅनिस्टरची पिन काढून ठेवावी, वीज आल्यावर आतले पाणी बादलीत ओतून द्यावे, स्पंज आणि रिंगा टाकीच्या पाण्यात खळबळून घ्याव्यात आणि मगच सुरू करावे. वीज नसताना ते उघडून रिंगा टाकीतच जाळीच्या पिशवीत टांगल्या, तर आणखी चांगले. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप आणि त्यावर एक स्पंज फिल्टर, ही विदर्भासाठी मला चैन वाटत नाही, गरज वाटते.

उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३३ अंशांना सुमारे ७.२. त्याच वेळी माशाची आणि जिवाणूंची भूक वाढलेली असते. टाकीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याची भर मात्र आरओच्याच पाण्याने घालावी, कारण क्षार उडत नाहीत आणि बोअरचे पाणी घालत राहिले की ते साठत जातात.

रसायनवर्ग | २१ जुलै, रात्री ९.४०

आरओविषयी मी सांगतो. आपले हे जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात. दर १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे पाण्यातील सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाएवढी क्षारता खर्ची पडते. बोअरच्या पाण्यात ही क्षारता भरपूर असते, आरओच्या पाण्यात जवळजवळ नसते. ती संपली की पीएच कोसळतो, आणि साडेसहाच्या खाली जिवाणूंचे काम मंदावते. अमोनिया साठतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असल्याने मासे तग धरून राहतात. घात पुढे होतो. अशा टाकीत कोणी एकाएकी अर्धी टाकी बोअरचे पाणी ओतले, तर पीएच वर जातो आणि साठलेल्या अमोनियमचा मुक्त अमोनिया होतो. ‘काल पाणी बदलले आणि आज सगळे गेले’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. आपण आरओ आणि बोअर यांचे मिश्रण तयार करा, तीनास एक या प्रमाणापासून सुरुवात करा, आणि त्या मिश्रणाने आठवडाभर रोज फक्त दहावा भाग पाणी बदला. आज मोठा बदल करू नका.

शुभ्रकमळ | ९ ऑगस्ट, रात्री ८.००

वहीतील आजची ओळ जशीच्या तशी लिहिते: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०, पीएच ७.६, तापमान २५. सलग सहा दिवस पहिले दोन आकडे शून्य आहेत. १० जुलैनंतर एकही मासा गेलेला नाही. पाण्याचा पांढुरकेपणा कोणतेही औषध न घालता आपोआप गेला. आता दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलते.

दोन शंका आहेत. सकर मासा काच साफ करत नाही, उलट लांबट विष्ठेने तळ भरून टाकतो. त्याचे काय करावे? आणि गणपतीसाठी आम्ही पाच दिवस सावंतवाडीला जाणार आहोत. शेजारी दाणे टाकायला तयार आहेत.

काचेपलीकडे | ९ ऑगस्ट, रात्री ९.१५

शेजाऱ्यांना नम्रपणे नको म्हणा. पाच दिवस उपवास धडधाकट मोठ्या माशांना सहज सोसतो, आणि प्रेमाने टाकलेली मूठभर दाण्यांची एक खेप तुमची सहा आठवड्यांची मेहनत बुडवू शकते. द्यायचेच असेल तर चिमूटभर दाण्यांच्या दोन कागदी पुड्या बांधून द्या आणि डबा कपाटात ठेवा. त्यांना फक्त एवढेच पाहायला सांगा की फिल्टर चालू आहे आणि बुडबुडे येत आहेत. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला. आदल्या दिवशी कशालाही हात लावू नका.

सकर एक फुटाहून मोठा होतो आणि ५८ लिटरांत त्याची जागा नाही. तो घेऊन जायला तयार असलेला मोठ्या टाकीचा मालक किंवा दुकानदार शोधा. नदीत किंवा तळ्यात सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले मासे आता उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतात; त्यांच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. दोन्ही गोल्डफिशसाठीही वर्षभरात मोठी टाकी लागेल. ते पोटभर खातात आणि त्याच मानाने अमोनिया सोडतात. तोवर मनीप्लांटची एक फांदी मुळे पाण्यात आणि पाने बाहेर अशी टाकीच्या कडेला अडकवा. तिची मुळे नायट्रेट ओढून घेतात आणि दोन पाणीबदलांच्या मधला आकडा त्याने हळू चढतो.

नवखा_पाळक | ६ सप्टेंबर, रात्री १०.२०

हा संपूर्ण धागा आज दोनदा वाचला. मी चिंचवडला राहतो, परवाच दीड फुटी टाकी आणली आहे आणि अजून एकही मासा सोडलेला नाही. आधी फिल्टर पिकवून मगच मासे आणावेत, असे ठरवले आहे. परंतु आमच्या ओळखीत कोणाकडेच जुनी टाकी नाही. शुभ्रकमळताई, आपल्या गावाहून परतल्यानंतर टाकी कशी आहे?

शुभ्रकमळ | ७ सप्टेंबर, सकाळी ८.१०

परत आलो तेव्हा अमोनिया शून्य होता आणि पाचही मासे काचेशी येऊन अन्न मागत होते. सकर गेल्या आठवड्यात चार फुटी टाकी असलेल्या एका गृहस्थांकडे गेला. काकांनी दिलेल्या स्पंजशेजारी मी महिनाभरापूर्वी एक नवा स्पंजही लावून ठेवला होता, तो आता तपकिरी झाला आहे. तो आपल्यासाठी घेऊन जा. मासे आणेपर्यंत त्याला रोज चिमूटभर दाणे टाकून कुजू द्यावे लागतील, नाहीतर जिवाणू उपाशी राहतील. आज अकरानंतर आम्ही घरी आहोत. येताना झाकणाचा डबा आणा, आणि कृपया तो डबा साबणाने धुतलेला नसावा.